महापालिकेकडून तुमची वैयक्तिक माहिती उघडी पडली, तर तक्रार कशी करायची? नाशिककरांसाठी टप्प्याटप्प्याने

घरकुलाच्या यादीत नावापुढे पूर्ण आधार क्रमांक छापलेला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाचा तरी अपंगत्वाचा दाखला फिरतोय. दाखल्यासाठी दिलेला मोबाइल नंबर दुसऱ्याच दिवशी कर्जवाल्यांच्या हाती पोहोचलाय. अशी तक्रार घेऊन माणूस राजीव गांधी भवनात जातो आणि "तपासून कळवू" एवढंच ऐकून परत येतो. बहुतेक वेळा तक्रारीत तथ्य असतं, फक्त क्रम चुकलेला असतो. आधी फेसबुकवर पोस्ट टाकली जाते. मग कार्यालय ती यादी गुपचूप काढून टाकतं. पुरावा हाती नसतो आणि अर्जात लिहिलेलं असतं, "माझा डेटा लीक झाला, दोषींवर कारवाई करावी". एवढ्या मोघम अर्जाला उत्तरही मोघमच येतं.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. अपवाद एकच. माहितीचा गैरवापर होऊन खात्यातून पैसे गेले असतील, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, पण त्यासाठी वेळ फार कमी असतो. बाकी सगळं त्यानंतर.

## टप्पा १ : तक्रार कशाची आणि कोणाविरुद्ध, हे ठरवा

महापालिकेने नाव प्रसिद्ध केलं म्हणजे गुन्हा झाला, असं नसतं. मतदार यादी कायद्यानेच सार्वजनिक असते. सरकारी अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करायला माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं. त्यामुळे "यादीत माझं नाव का लावलं?" ही तक्रार टिकत नाही. "यादीत नावाबरोबर आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, मोबाइल, आजार हे कशासाठी?" ही टिकते. आधार कायद्याच्या कलम २९ (४) नुसार आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला किंवा लावायला मनाई आहे. तुमच्या प्रकरणात आधार असेल तर सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे "माझी परवानगी घेतली नाही" यावर सगळा भर देणं. दाखला, परवाना, अनुदान यांसाठी लागणारी माहिती शासन यंत्रणेला काही अटींवर संमतीशिवायही वापरता येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येच तशी तरतूद आहे. तुमचा मुद्दा असा हवा : कामासाठी दिलेली माहिती कामाबाहेर गेली, गरजेपेक्षा जास्त दाखवली गेली किंवा नीट सांभाळली गेली नाही.

आता कोणाविरुद्ध. नाशिकमध्ये इथे फार गोंधळ होतो.

- देवळाली कॅम्पचा भाग छावणी परिषदेकडे आहे. ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. भगूरला स्वतंत्र नगरपरिषद आहे. या दोन्ही ठिकाणच्या तक्रारी महापालिकेत देऊन उपयोग नाही.
- सिटीलिंकच्या बस पासची माहिती असेल, तर ती सेवा नाशिक महानगर परिवहन महामंडळ या वेगळ्या कंपनीकडे आहे. स्मार्ट सिटीची कंपनीही वेगळी आहे.
- घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू नोंद, फेरीवाला नोंदणी, घरकुल हे महापालिकेचं काम. पण तुमचा कागद कोणत्या विभागीय कार्यालयात जमा झाला होता, ते शोधा : पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको की सातपूर.

इथे थांबून तपासा : "कोणती माहिती, कोणाला दिली होती, कशासाठी दिली होती आणि कुठे दिसली?" याचं उत्तर दोन वाक्यांत लिहिता येतंय का? येत नसेल तर अर्ज लिहायला बसू नका.

## टप्पा २ : पुरावा आधी, बोभाटा नंतर

इथे घाई करू नका. सगळं प्रकरण या टप्प्यावर उभं राहतं.

वेबसाइटवर दिसत असेल तर : वरची पूर्ण लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. संगणकावर घेतला तर कोपऱ्यातली तारीख-वेळही त्यात येऊ द्या. ते पान पीडीएफ म्हणून साठवा. लिंक वहीत किंवा ईमेलच्या मसुद्यात जशीच्या तशी उतरवा. तिथपर्यंत कसे पोहोचलात, कोणत्या पानावरून कोणत्या पानावर गेलात, तेही लिहून ठेवा.

फलकावर लावलेलं असेल तर : एक फोटो दुरून घ्या, कार्यालयाचं नाव आणि फलक दोन्ही दिसतील असा. दुसरा जवळून, तुमची ओळ वाचता येईल असा. शक्य असेल तर सोबत कोणाला तरी न्या आणि त्यांचं नाव लिहून ठेवा. पुढे कोणी "असा कागद लावलाच नव्हता" म्हणालं, तर हा साक्षीदार कामाला येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असेल तर : मेसेज पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मूळ मेसेज डिलीट करू नका. फोन बदलणार असाल तर थोडं थांबा. पुढेमागे प्रकरण कोर्टात गेलं, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या वेळी मूळ उपकरणातली मूळ फाइल हाताशी असलेली बरी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फॉरवर्ड केलेला फोटो दाबून लहान होतो, त्यातली तारीख-वेळेची मूळ नोंदही उडते.

सावधान, हे करू नका. समजा तुमच्या बिलाच्या लिंकमध्ये शेवटी एक क्रमांक आहे आणि तो बदलला की शेजाऱ्याचं बिल उघडतं, असा तुम्हाला संशय आहे. "खात्री करून बघतो" म्हणून वीस-पंचवीस जणांची बिलं उघडू किंवा उतरवून घेऊ नका. परवानगीशिवाय दुसऱ्याची माहिती काढणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तुमच्याच अंगाशी येऊ शकतं, हेतू कितीही चांगला असो. जे दिसलं तेवढंच टिपा आणि थांबा. अशी तांत्रिक त्रुटी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेला कळवता येते. डेटा फुटण्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं बंधन २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी कार्यालयांवरही आहे. अर्जात या निर्देशांचा उल्लेख केला, की आयटी विभागाला तो कागद बाजूला ठेवणं अवघड जातं.

पुरावा हाती आला की त्याच्या दोन प्रती करा. एक मूळ, ती घरात ठेवायची. दुसरी झाकलेली, ती अर्जाला जोडायची. झाकलेल्या प्रतीत आधारचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे काळे करा आणि इतर लोकांची नावं-नंबर पूर्ण झाका. मोबाइलमधल्या हायलायटरने फिरवलेला काळा पट्टा बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचे अंक दिसतात. सरळ कागदावर मार्करने खोडा, मग त्या कागदाची झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्स जोडा. माहिती फुटल्याची तक्रार करताना तीच माहिती आणखी पाच टेबलांवर पोहोचवणं ही अगदी रोज घडणारी चूक आहे, आणि त्यात नुकसान तुमच्यासोबत यादीतल्या इतरांचंही होतं.

## टप्पा ३ : स्वतःचं नुकसान थांबवा

आधार क्रमांक उघडा पडला असेल तर आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा आणि आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची नोंद तपासा. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथेच कळवा. पॅन किंवा बँक तपशील गेला असेल तर क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. या सगळ्याचे स्क्रीनशॉट फाइलला लावा. पुढे "तुमचं नुकसान काय झालं?" असं विचारलं गेलं, तर उत्तर तयार असतं.

## टप्पा ४ : अर्ज लिहा, आणि मागणी स्पष्ट मांडा

लोक अर्जात संताप लिहितात आणि मागणी विसरतात. "कारवाई करावी" ही मागणी धरू नका. कारवाई म्हणजे काय, ते समोरचा ठरवतो. तुम्ही अशा गोष्टी मागा, ज्या झाल्या की नाही ते तुम्हाला स्वतः तपासता येईल.

एक मागणी मात्र करू नका : "माझी सगळी माहिती तुमच्या दप्तरातून काढून टाका." जन्म नोंद, मिळकतीची नोंद महापालिकेला ठेवावीच लागते. नव्या डेटा कायद्यातही माहिती पुसून टाकायला लावण्याचा हक्क शासन यंत्रणेला लागू केलेला नाही. "जाहीर ठिकाणाहून काढा" आणि "दप्तरातून पुसा" यांत फरक आहे. दुसरं मागितलं की पहिलंही नाकारायला निमित्त मिळतं.

नमुना असा :

> प्रति,
> मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका,
> राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.
>
> प्रत : विभागीय अधिकारी, (विभाग), प्रमुख, आयटी विभाग.
>
> विषय : (योजना/सेवा) यादीत माझा आधार क्रमांक व मोबाइल क्रमांक जाहीर झाल्याबाबत.
>
> महोदय/महोदया,
> मी (तारीख) रोजी (विभागीय कार्यालय) येथे (कामासाठी) अर्ज केला, अर्ज क्र. ____. त्या कामासाठी दिलेले माझे आधार व मोबाइल क्रमांक (तारीख, वेळ) रोजी (ठिकाण/लिंक) येथे कोणालाही दिसतील अशा स्थितीत आढळले. झाकलेली प्रत सोबत जोडली आहे. आधार क्रमांक जाहीर करण्यास आधार कायद्याच्या कलम २९ (४) ने मनाई आहे.
>
> माझ्या मागण्या :
> १. सदर माहिती जाहीर ठिकाणाहून त्वरित काढावी व काढल्याची तारीख-वेळ लेखी कळवावी.
> २. ही माहिती किती दिवस उघडी होती व कोणाकोणाला पाठवली गेली, ते कळवावे.
> ३. हे काम बाहेरच्या ठेकेदाराकडे असल्यास त्याचे नाव कळवावे.
> ४. यादीतील इतर नागरिकांनाही ही बाब कळवावी.
> ५. या तक्रारीसाठी जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व पदनाम कळवावे.
>
> मागणी क्र. १ बाबत ७ दिवसांत व उर्वरित बाबींवर ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

सात आणि तीस दिवस ही आपण आपली घातलेली मुदत आहे. ती कायद्यातली असल्यासारखी लिहू नका. तारीख घातली की पाठपुराव्याला आधार मिळतो, एवढाच तिचा उपयोग.

चौथी मागणी पुष्कळ जण गाळतात. कृपा करून गाळू नका. त्या यादीत एखादी निराधार बाई असेल, एखादे आजोबा असतील, ज्यांना आपला नंबर उघडा पडलाय हे कळणारही नाही. ओटीपी मागणारा फोन पहिला त्यांनाच जातो.

तपासा : अर्जात कुठेही पूर्ण आधार क्रमांक लिहिलेला नाही ना? कर्मचाऱ्यावर पैसे खाल्ल्याचा किंवा माहिती विकल्याचा पुराव्याविना आरोप नाही ना? असेल तर काढा.

## टप्पा ५ : अर्ज द्या, पोहोच घ्या

आवक-जावक कक्षात दोन प्रती न्या. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही घ्या. नुसता शिक्का पुरत नाही; आवक क्रमांकाशिवाय पुढे तुमचा कागद सापडत नाही. "साहेबांना प्रत्यक्ष भेटून द्या" असं कोणी सांगितलं तर जरूर भेटा, पण आधी आवक करून घ्या. अर्ज घ्यायला नकार मिळाला तर वाद घालत बसू नका, पोस्टाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा मागून घ्या.

अ‍ॅपवर तक्रार नोंदवली तर चालेल का? खड्डा, पथदिवा, कचरा यांसाठी ठीक. अशा तक्रारीत मात्र नुसत्या अ‍ॅपवर भिस्त ठेवू नका. तिथे ती एका ओळीचा शेरा मारून बंद होऊ शकते.

## टप्पा ६ : माहिती अधिकाराचा अर्ज

सात दिवसांत माहिती काढली गेली नाही किंवा उत्तरच आलं नाही, तर तीस दिवस पूर्ण व्हायची वाट न बघता जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. देवळाली छावणीसाठी केंद्राचे नियम लागू होतात, तिथलं दुसरं अपीलही केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं.

"का" विचारू नका. "माझी माहिती का फुटली?" याचं उत्तर द्यायला जनमाहिती अधिकारी बांधील नाही. कागद मागा : यादी प्रसिद्ध करण्याला मंजुरी देणाऱ्या टिपणीची प्रत, ठेकेदाराशी झालेल्या करारातल्या गोपनीयतेच्या अटींची प्रत, यादी काढून टाकण्याच्या आदेशाची प्रत आणि आवक क्रमांक अमुक या माझ्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीचा तपशील.

इथे एक बदल लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्याचं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम ८ (१) (j) बदललं आहे. वैयक्तिक माहिती नाकारणं आता अधिकाऱ्यांना पूर्वीपेक्षा सोपं झालंय. म्हणून "यादीतल्या सर्वांचे तपशील द्या" किंवा "त्या कर्मचाऱ्याची सेवापुस्तिका द्या" असलं काही मागू नका. करार, टिपणी, आदेश, प्रक्रिया यांवरच राहा. तरीही नकार आला, तर कलम ८ (२) मधला व्यापक जनहिताचा मुद्दा अपिलात मांडता येतो.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. अपिलाची मुदत हुकली की विलंबाचं कारण पटवत बसावं लागतं, म्हणून तारखा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

## टप्पा ७ : वरच्या पायऱ्या

लोकशाही दिन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत होतो. विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर होत नाही, म्हणून आधी चौकशी करा. आयुक्तांसमोर दोन मिनिटं मिळाली तर गोष्ट सांगत बसू नका. आवक क्रमांक सांगा आणि "मागणी क्रमांक १ झाली का?" एवढंच विचारा.

आपले सरकार पोर्टल. राज्य शासनाकडे तक्रार इथे नोंदवा. आवक झालेल्या अर्जाची स्कॅन प्रत जोडली नाही, तर ती फिरून पहिल्या टेबलावर येते.

आधार प्राधिकरण. आधारचा प्रश्न असेल तर १९४७ वर फोन करा आणि सोबत लेखी तक्रारही द्या.

पोलीस. निष्काळजीपणाने यादी लागली, एवढ्यासाठी पोलिसांत धावू नका. तुमच्या नावावर कर्ज काढलं गेलं, धमकी आली, माहिती विकल्याचा पुरावा मिळाला, तर मात्र नाशिक शहर सायबर पोलीस ठाणं किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क लागतं. ठेकेदाराच्या माणसाने करार मोडून स्वतःच्या फायद्यासाठी माहिती बाहेर दिली असेल, तर कलम ७२ अ. तक्रार घेत नसतील तर वरिष्ठांकडे लेखी पाठवा.

भरपाई. माहिती एखाद्या खासगी ठेकेदार कंपनीच्या ताब्यात होती आणि ती संवेदनशील स्वरूपाची होती (आर्थिक, आरोग्यविषयक, बायोमेट्रिक), तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ अ खाली भरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचे असे दावे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव अभिनिर्णय अधिकारी म्हणून ऐकतात. हे कलम कंपन्यांसाठी आहे. खुद्द महापालिकेविरुद्ध भरपाई हवी असेल तर वकिलाचा सल्ला लागेल. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी हेल्पलाइन १५१००.

## टप्पा ८ : डेटा संरक्षण मंडळ, पण योग्य वेळी

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा झाला म्हणून बरेच जण थेट दिल्लीच्या डेटा संरक्षण मंडळाला लिहायला निघतात. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. माहिती सांभाळण्याची जबाबदारी, नागरिकांचे हक्क आणि तक्रारीवर चौकशी करण्याचा मंडळाचा अधिकार या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. तोवर वरचेच मार्ग.

त्यानंतरही आधी संबंधित संस्थेकडे तक्रार करून तिथली प्रक्रिया पूर्ण करावी लागेल, मगच मंडळ. संस्थेने ९० दिवसांच्या आत तक्रार निकाली काढायची आहे. म्हणजे आवक क्रमांक असलेला तुमचा अर्ज तेव्हाही पहिला कागद असणार. दंडाची रक्कम २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकते, पण ती सरकारी तिजोरीत जमा होते. तक्रारदाराला त्यातलं काही मिळत नाही. आणि खोटी किंवा उथळ तक्रार केली तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

## टप्पा ९ : "काढून टाकलं" असं उत्तर आल्यावर

लगेच फाइल बंद करू नका. जुनी लिंक थेट टाकून बघा. बऱ्याचदा पानावरचं बटण काढतात आणि पीडीएफ तशीच सर्व्हरवर राहते. मग गूगलवर तुमचं नाव आणि योजनेचं नाव टाकून शोधा. जुनी नोंद अजून दिसत असेल तर गूगलच्या जुनी माहिती हटवण्याच्या फॉर्ममधून विनंती करा. फलकावरची यादी काढली असेल तर तीच यादी नगरसेवकांच्या कार्यालयात किंवा दुसऱ्या विभागीय कार्यालयात लावलेली नाही ना, ते बघा.

उरलेलं काही सापडलं तर नवा अर्ज करू नका. जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन पुरवणी पत्र द्या, नव्या पुराव्याची झाकलेली प्रत जोडा आणि त्या पत्रावरही वेगळा आवक क्रमांक घ्या.